पत्रांच्या निमित्तानें : प्रस्तावना आणि शेवटचें प्रकरण

गेल्या महिन्याच्या टपालांत सोलापूरच्या एका भगिनीचें पत्र आलें. पत्र चार पानांचें आहे. त्यांतलीं साडेतीन पानें घरगुती असून त्यांचा उल्लेख येथें करण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु उरलेल्या अर्ध्या पानानें आम्हांस चांगलेंच अडचणींत टाकलें आहे. बाईंचा थोरला मुलगा पुण्यास तत्त्वज्ञान घेऊन एम्. ए. चा अभ्यास करतो. सुटींत घरीं येतांना त्यानें फ्रान्झ फॅनन या लेखकाचें एक पुस्तक बरोबर आणलें. मूळ फ्रेंच पुस्तक १९६१ सालचें. 'पृथ्वीवरील शापित जन' असा त्याच्या नांवाचा अर्थ होतो. एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर त्यानें त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेंतील कांहीं भाग सर्वांस मोठ्यानें वाचून दाखविला. ही प्रस्तावना फॅननची नव्हे. ती ज्यां पॉल सार्त्र या विख्यात फ्रेंच तत्त्वज्ञाची. जित मनुष्यानें जेत्यावर उगारलेलें शस्त्र हेंच त्याच्या मनुष्यत्वाचें चिन्ह होय, आणि त्या वधानें मारणारा स्वतःच गुलामगिरींतून मुक्त होतो, असा त्या भागाचा आशय.

मुलाचे वडील निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचे वडील १९४२ च्या आंदोलनांत तुरुंगांत जाऊन आलेले. "आजोबांनीं कोणाच्या अंगास बोट न लावतां तुरुंग भोगला, त्यांच्या घरांत हें वाचायचें?" असें त्यांनीं विचारलें. मुलानें उत्तर केलें कीं, आजोबांची अहिंसा ही पोट भरलेल्यांची चैन होती. वडील यावर कांहीं बोलले नाहींत. ते उठले, त्यांनीं पुस्तक उचललें आणि स्टुलावर चढून माळ्यावर टाकलें. त्या दिवसापासून बापलेकांत अवाक्षर नाहीं. "भात हवा का, एवढें विचारायलाहि दोघांना मी मध्यें लागतें," असें बाई लिहितात. त्यांचे आम्हांस प्रश्न दोन. एवढा मोठा तत्त्वज्ञ असें लिहितो तें खरें मानावें काय? आणि तें पुस्तक माळ्यावरून खालीं काढावें काय?

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे. तें शेवटीं देऊं. पहिल्याविषयीं सांगावयाचें तें हें कीं, सोलापूरच्या माजघरांत झालेला हा तंटा पूर्वीं पॅरिसमध्यें होऊन गेला आहे, आणि तेथेंहि तो दोन स्नेह्यांतच झाला. सार्त्र व आल्बेर काम्यू यांची पहिली भेट १९४३ सालीं सार्त्रच्या एका नाटकाच्या प्रयोगास झाली. फ्रान्स त्या वेळीं जर्मनांच्या टाचेखालीं होता. काम्यू पुढें 'कोंबा' म्हणजे 'संग्राम' या गुप्तपणें निघणाऱ्या पत्राचा संपादक झाला. ऑगस्ट १९४४ मध्यें पॅरिस मुक्त झालें त्या दिवसांत सार्त्रनेंहि त्याच पत्रांत लिहिलें. दोघांचें कुळ मात्र अगदीं निराळें. सार्त्र सुशिक्षित मध्यमवर्गांतला, आजोबांच्या ग्रंथसंग्रहांत वाढलेला. काम्यू हा अल्जीरियांत स्थायिक झालेल्या एका दरिद्री फ्रेंच कुटुंबांतला. त्याचे वडील १९१४ सालीं महायुद्धांत पडले, तेव्हां तो एक वर्षाचाहि झाला नव्हता. आई लोकांच्या घरचीं कामें करी. तिला धड ऐकूं येत नसे आणि वाचतां तर मुळींच येत नसे. ही आई पुढें या कथेंत येणार आहे, म्हणून वाचकांनीं तिला ध्यानांत ठेवावें.

ऑक्टोबर १९५१ मध्यें काम्यूचा 'बंडखोर मनुष्य' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गुलाम जेव्हां धन्यास 'आतां पुरे' असें म्हणतो, तेव्हां त्या नकारांत एक मर्यादा गृहीत असते. माझ्याप्रमाणें दुसऱ्याच्याहि जिवास कांहीं मोल आहे हें त्यांत मानलेलें असतें. ही मर्यादा विसरून, उद्यांच्या स्वर्गासाठीं आजचा कोणताहि खून क्षम्य आहे असें क्रांति म्हणूं लागली कीं ती स्वतःच तुरुंग होते, असें त्याचें प्रतिपादन. रशियांतील सक्तमजुरीच्या छावण्या त्याच्या डोळ्यांपुढें होत्या. सार्त्रच्या मंडळींस त्या काळीं असें वाटे कीं, रशियाविरुद्ध उघड बोलणें म्हणजे अमेरिकेच्या भांडवलशाहीचें काम करणें. सार्त्रच्या 'ले तां मोदेर्न' या मासिकांत मे १९५२ मध्यें फ्रान्सिस जॉंसों या त्याच्या तरुण सहकाऱ्यानें या ग्रंथावर टीका लिहिली. काम्यू इतिहासाच्या बाहेर उभा राहून हात स्वच्छ ठेवूं पाहतो, असा तिचा रोख होता. काम्यू फार दुखावला. त्यानें उत्तर धाडलें, पण टीकाकारास नव्हे; तें त्यानें सार्त्रला उद्देशून धाडलें, आणि त्यांत मायना घातला 'संपादक महाशय' असा. ऑगस्टच्या अंकांत तें पत्र आणि सार्त्रचें लांबलचक उत्तर हीं दोन्ही छापलीं गेलीं. आपली मैत्री सोपी नव्हती तरी मला तिची उणीव भासेल, अशा अर्थाचा आरंभ करून सार्त्रनें पुढें मित्राचीं आंतडीं बाहेर काढलीं. मैत्री तेथेंच संपली.

या सर्व प्रकरणांत आम्हांस सर्वांत बोचतें तें तें संबोधन. मनुष्य रागाच्या भरांत एकेरीवर आला तर भांडण मिटण्याची आशा असते. तो 'महाशय' म्हणूं लागला म्हणजे मात्र कठीण. बापलेकांच्या मौनाचीहि जात तीच.

असो. सोलापूरच्या मास्तरांनीं काम्यूस आपल्या पक्षाचा समजण्याची घाई करूं नये. काम्यू कांहीं अहिंसावादी नव्हता. जर्मनांविरुद्धच्या सशस्त्र लढ्याचें पत्र त्यानेंच चालविलें होतें. त्याचा विचार खरा कळतो तो 'न्यायी' या नाटकावरून. हें नाटक १९४९ च्या डिसेंबरांत रंगभूमीवर आलें, आणि त्याचें कथानक घडलेलें आहे. १९०५ सालीं मॉस्कोंत इव्हान कालियायेव हा तरुण क्रांतिकारक ग्रँड ड्यूक सर्जी या झारच्या काकाची गाडी उडविण्यासाठीं बाँब घेऊन उभा होता. गाडी आली, पण आंत ड्यूकची पत्नी आणि दोन लहान पुतणीं त्याच्या दृष्टीस पडलीं. त्यानें हात आवरला. दोन दिवसांनीं ड्यूक एकटा असतां त्यानें बाँब टाकला, ड्यूक ठार झाला, आणि कालियायेव पकडला गेला. ड्यूकची पत्नी त्यास तुरुंगांत भेटावयास गेली. दयेचा अर्ज करण्यास त्यानें नकार दिला आणि त्याच वर्षीं तो फांशी गेला. ज्या दोन मुलांसाठीं त्यानें हात आवरला त्यांतील मुलगा दिमित्री मोठा होऊन १९१६ सालीं रासपुतीनच्या खुनांत सामील झाला, हा इतिहासाचा एक विलक्षण खेळ. काम्यूस या तरुणांत हें दिसलें कीं, वध कधीं अटळ होत असेल, परंतु तो निर्दोष कधींच होत नाहीं. ज्याला तो करावा लागतो त्यानें त्याचें मोल स्वतःच्या प्राणानें द्यावें, आणि मुलांपाशीं थांबावें.

मुलांपाशीं थांबावें हें आपणांस नवीन नाहीं. भारती युद्धांत अठरा दिवस अधर्म थोडा का झाला? तरी शिबिरांत शिरून निजलेल्या द्रौपदीपुत्रांस मारणाऱ्या अश्वत्थाम्याची जखम आपल्या आज्या अजून भळभळत ठेवतात. आणि हा केवळ दूरच्या रशियाचा प्रश्न आहे असेंहि नव्हे. कालियायेवच्याच पिढींतल्या निर्वासित रशियन क्रांतिकारकांपासून पारनेरच्या पांडुरंग महादेव बापटांनीं पॅरिसमध्यें बाँबची विद्या मिळविली व १९०८ सालीं ती हिंदुस्थानांत आणली. तेच सेनापति बापट १९२१ सालीं मुळशीच्या सत्याग्रहांत उतरले. एकाच आयुष्यांत दोन्ही वाटा चाललेलीं माणसें आपल्याकडे होऊन गेलीं आहेत, याचा विचार बापलेक दोघांनींहि करावा.

आतां अल्जीरिया. येथें १९५४ च्या नोव्हेंबरांत फ्रेंच राज्याविरुद्ध युद्ध पेटलें आणि सारा वाद पुस्तकांतून रस्त्यावर आला. काम्यूनें १९३९ सालींच काबिली प्रांतांतील उपासमारीवर लेखमाला लिहून फ्रेंच राज्यकर्त्यांस खडसावलें होतें. अल्जीरियाच्या दुःखाची त्यास ओळख नव्हती असें म्हणवत नाहीं. जानेवारी १९५६ मध्यें त्यानें अल्जीयर्सला जाऊन दोन्ही पक्षांस विनविलें कीं, लढावयाचें तर लढा, पण निःशस्त्र बायकामुलांस वगळा. सभागृहाबाहेर त्याचेच फ्रेंच देशबंधु त्याच्या नांवानें आरडाओरडा करीत होते. त्याच वर्षीं ऑगस्टांत फ्रेंच अतिरेक्यांनीं अरबांच्या कस्बा वस्तींत बाँब ठेवून घरेंच्या घरें पाडलीं. सप्टेंबरअखेर अल्जीरियन पक्षाच्या तरुणींनीं फ्रेंचांच्या उपाहारगृहांत बाँब ठेवले. पुढच्या वर्षीं फ्रेंच छत्रीधारी सैन्यानें कैद्यांचे अनन्वित छळ केले.

या छळाविरुद्ध सार्त्र खंबीरपणें उभा राहिला, हें त्याच्या पदरांत घातलेंच पाहिजे. १९५८ सालीं आंरी आलेग या छळ सोसलेल्या पत्रकाराच्या पुस्तकावर त्यानें लेख लिहिला तेव्हां सरकारनें तो अंक जप्त केला. १९६० सालीं, अल्जीरियाविरुद्ध शस्त्र धरण्यास नकार देणाऱ्या फ्रेंच सैनिकांच्या बाजूनें निघालेल्या जाहीरनाम्यावर त्यानें सही केली. अतिरेक्यांनीं त्याच्या राहत्या जागीं दोनदां स्फोट घडविले. तेव्हां सार्त्र खुर्चींत बसून दुसऱ्यांस मारण्याचे सल्ले देत होता, हा आक्षेप सर्वस्वीं खरा नाहीं. मात्र याच सार्त्रनें १९५४ सालीं रशियाहून परत आल्यावर तेथें टीकेस पूर्ण स्वातंत्र्य आहे असें सांगितलें होतें, आणि सत्तरीस आल्यावर आपण त्या वेळीं खोटें बोललों असें कबूल केलें. तत्त्वज्ञाच्या नांवास दबून जाण्यापूर्वीं मुलानें हेंहि ध्यानीं घ्यावें.

आतां काम्यूच्या आईची गोष्ट. १९५७ च्या डिसेंबरांत नोबेल पारितोषिक घेण्यास तो स्टॉकहोमला गेला असतां विद्यार्थ्यांच्या सभेंत एका अल्जीरियन तरुणानें त्यास धारेवर धरलें. काम्यूनें जें उत्तर दिलें तें जगभर पसरलें तें असें कीं, न्याय व आई यांत मी आईची निवड करीन. एवढेंच ऐकलें तर तो एक हळवा, आपमतलबी मातृभक्त ठरतो, आणि अनेकांनीं त्यास तसेंच ठरविलें. परंतु त्याच्या बोलण्याचा मूळ ओघ निराळा होता. अल्जीयर्सच्या ट्रामगाड्यांत या घटकेस बाँब टाकले जात आहेत, त्यांतल्या एका ट्रामांत माझी आई असूं शकेल. यालाच जर न्याय म्हणावयाचें असेल तर मला आई अधिक प्रिय आहे, असें तो म्हणाला होता. न्यायाचा त्याग करण्याची ही भाषा नव्हे. आंधळ्या बाँबला न्यायाचें नांव देऊं नका, अशी ती तक्रार होती. अर्ध्या वाक्यानें माणसाची केवढी हानि होते याचें दुसरें इतकें ठसठशीत उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

तरीहि काम्यूचें उत्तर पुरें पडतें असें आम्हांस वाटत नाहीं. ट्रामांत त्याची आई होती, पण कस्बांत ज्यांचीं घरें कोसळलीं त्यांसहि आया होत्या. फांशीच्या छायेंत असलेल्या कित्येक अल्जीरियन कैद्यांसाठीं त्यानें खाजगी रीतीनें रदबदली केली हें खरें. पण अल्जीरियाचें पूर्ण स्वातंत्र्य त्यास शेवटपर्यंत मान्य झालें नाहीं. त्याचा स्नेही मुलूद फेराऊन हा काबिली शिक्षक व कादंबरीकार. काम्यूच्या 'प्लेग' कादंबरींत ओरान शहर आहे, पण त्यांत तेथील मूळचा रहिवासी कोणी पात्र म्हणून नाहीं, अशी खंत त्यानें काम्यूस पत्रानें कळविली होती. मित्रानें मित्रास केलेली ही टीका सार्त्रच्या सगळ्या उत्तरापेक्षां आम्हांस अधिक वजनाची वाटते. या फेराऊनला मार्च १९६२ मध्यें, तहास अवघे तीन दिवस उरले असतां, फ्रेंच अतिरेक्यांनीं गोळ्या घातल्या.

आणि आतां त्या माळ्यावरच्या पुस्तकाकडे वळूं. आमच्यापुरतें एक कबूल केलें पाहिजे. विसाव्या वर्षीं महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत हें पुस्तक आमच्या हातीं आलें, तेव्हां आम्हींहि प्रस्तावनाच वाचली. ती अशी कांहीं पेटलेली आहे कीं, तीनंतर पुस्तक वाचण्याची गरजच उरली नाहीं असें वाटलें. वक्तृत्वाच्या सभेंत आम्हीं ती गाजविली. त्या वादांत एक स्नेही आम्हांस दुरावला. आम्हीं त्यास 'पळपुटा' म्हटलें होतें. पुष्कळ वर्षांनीं पुस्तक पुरें वाचलें तेव्हां शेवटच्या प्रकरणाशीं आम्ही थबकलों, आणि तो स्नेही आठवला. तोंवर त्यास पत्र लिहिण्याचा पत्ताहि आमच्यापाशीं राहिला नव्हता.

फॅनन हा मार्टिनिक बेटांतला कृष्णवर्णी डॉक्टर. अल्जीरियांत ब्लिदा येथील मनोरुग्णालयांत त्यानें १९५३ पासून १९५६ पर्यंत काम केलें व नंतर तो स्वातंत्र्यपक्षास मिळाला. शस्त्र धरणें अपरिहार्य आहे असेंच त्याचेंहि मत, याविषयीं कोणी संशय धरूं नये. पण तो वैद्य होता, आणि शेवटच्या प्रकरणांत त्यानें आपल्या रोग्यांच्या हकीकती दिल्या आहेत. एक फ्रेंच पोलीस अधिकारी दिवसभर कैद्यांचा छळ करी आणि घरीं येऊन बायकोस व तान्ह्या मुलासहि मारी. तो डॉक्टरकडे आला तो छळ सोडण्यासाठीं नव्हे, तर तोच छळ मनास टोंचणी न लागतां करतां यावा म्हणून औषध मागावयास. दुसरी हकीकत दोन अल्जीरियन पोरांची, एक तेरा वर्षांचा व एक चौदा. त्यांनीं आपल्या बरोबरीच्या फ्रेंच सवंगड्यास मारलें. त्याच्याशीं भांडण नव्हतें; सुटीच्या दिवशीं तिघे मिळून गलोलीनें पांखरें मारीत. आमच्या लोकांस फ्रेंचांनीं मारलें, मोठ्या माणसांस मारणें आम्हांस जमण्यासारखें नव्हतें, हा आमच्याच वयाचा होता, असें त्यांनीं डॉक्टरास सांगितलें. आणि एक गृहस्थ अशा देशांतला कीं जो पुढें स्वतंत्र झाला. लढ्यांत यानें एका कॅफेंत बाँब ठेवला होता, दहा माणसें मेलीं. आपण केलें तें चूक असें तो कधींच म्हणाला नाहीं. परंतु स्वातंत्र्यानंतर त्याची त्या जुन्या राज्यकर्त्या देशांतल्या कांहीं भल्या माणसांशीं ओळख झाली, आणि त्या कॅफेंत अशींच माणसें असतील काय, हा विचार त्यास सोडीना. दर वर्षीं ती तारीख जवळ आली कीं त्याची झोंप जाई आणि आत्महत्येचे विचार मनांत येत.

प्रस्तावनेंत वधानें मनुष्य मोकळा होतो. शेवटच्या प्रकरणांत तो दर वर्षीं त्याच तारखेस जागा राहतो. एकाच पुठ्ठ्याच्या आंत हीं दोन्ही आहेत. सार्त्रनें तें प्रकरण वाचलें नसेल असें नव्हे. पण त्यानें पॅरिसमध्यें बसून फ्रेंच वाचकास लाजविण्यासाठीं लिहिलें, आणि फॅननसमोर रोगी बसलेला होता. आमचा कौल विचाराल तर तो सार्त्रच्या विरुद्ध आहे. वसाहतीच्या राज्यांतली रोजची हिंसा त्यानें उघडी केली तेथपर्यंत तो बरोबर. ती हिंसा उलटविली म्हणजे माणूस निरोगी होतो, हें त्याचें म्हणणें त्याच पुस्तकांतल्या रोग्यांनीं खोडून काढलें आहे.

परंतु या कौलानें वडिलांची सुटका होत नाहीं. ते सोलापूरचे आहेत. मे १९३० मध्यें गांधीजींच्या अटकेनंतर त्यांच्याच गांवांत गोळीबार झाला, जमावानें पोलीस शिपायांस ठार केलें, आणि लष्करी कायदा पुकारला गेला. त्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे या चौघांस १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशी दिलें. चौघेहि निर्दोष होते असें लोक मानतात, आणि शहर त्यांस हुतात्मे म्हणून वंदन करतें. मारल्या गेलेल्या शिपायांचें नांव मात्र कोणी घेत नाहीं. आजोबा बोट न लावतां तुरुंगांत गेले हें खरें, पण ज्या स्वातंत्र्यासाठीं ते गेले त्याच्या खात्यावर हीहि नोंद आहे. हें मुलास सांगण्याऐवजीं पुस्तक माळ्यावर टाकणें सोपें होतें. मुलाचें 'चैन' हें शब्दप्रहार तर सर्वस्वीं गैर होतें. दीडदोन वर्षें तुरुंगाची भाकरी खाणाऱ्यास चैनी म्हणणें हें सार्त्रच्याहि तोंडीं शोभलें नसतें. त्याबद्दल त्यानें वडिलांची क्षमा मागावी. तत्त्वज्ञानाचा मुद्दा त्यापुढें चालूं द्यावा.

४ जानेवारी १९६० रोजीं काम्यू मोटार-अपघातांत मेला, तेव्हां सार्त्रनें त्याच्यावर लेख लिहिला. आम्ही भांडलों होतों, पण भांडण हाहि एकमेकांसह राहण्याचाच एक प्रकार असतो, अशा आशयाचें त्यांत कांहीं आहे. लेख सुंदर आहे. काम्यूला मात्र तो वाचावयास मिळाला नाहीं.

आतां बाईंचा दुसरा प्रश्न. पुस्तक माळ्यावरून अवश्य काढावें, धूळ झटकावी, आणि शेवटच्या प्रकरणाशीं खूण घालून दिवाणखान्यांत ठेवावें. प्रथम वडिलांनीं तें प्रकरण वाचावें, मग मुलानें, आणि बाईंनींहि, प्रस्तावना मागाहून. (फॅननच्या पत्नीनें १९६७ नंतरच्या फ्रेंच आवृत्तींतून ती प्रस्तावना काढून टाकविली होती. कारण हिंसेविषयींचें मत नव्हे; अरब-इस्रायल युद्धांत सार्त्र इस्रायलच्या बाजूनें उभा राहिला हें.) आणि भात हवा का, हें बाईंनीं कांहीं दिवस कोणासच विचारूं नये. ज्याला हवा असेल तो मागेल.

वऱ्हाडांतून आलेल्या दोन पत्रांस जागेच्या अभावीं या खेपेस उत्तर देतां आलें नाहीं. तीं पुढील अंकीं घेऊं.